खिडकी मिळाली, पण दिसलं काय? नागपूरहून पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी

खामल्यातले आमचे शेजारी, ज्यांना अख्खी गल्ली काकाजी म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते पुण्याला लेकीकडे जायला. जावयाने आठवणीने खिडकीची सीट घेऊन दिली, त्याचे जास्तीचे पैसेही भरले. पोचल्यावर फोन आला. मी विचारलं, "काय काय दिसलं काकाजी?"

"काय दिसते बाप्पा! सव्वा तास नुसता पंख पाह्यला. त्याच्यावर काय काय लिहेल हाय ते पाठ झालं मले."

सीट होती १४ ए. म्हणजे पंखाच्या ऐन मध्यावर, त्यात डावी बाजू. नागपूर-पुणे वाटेवर पाहण्यासारखं जे आहे ते उजवीकडे, आणि दिवस डिसेंबरचे, म्हणजे डावीकडे ऊनही डोळ्यांवर. एका सीटमध्ये तीन चुका. जावयाचा दोष नाही. ॲपमध्ये "विंडो" लिहिलेलं दिसलं, त्याने घेतली.

खिडकीची सीट वेगळी आणि जिथून दिसतं ती सीट वेगळी. पहिली ॲप दाखवतं, दुसरी आपली आपल्याला काढावी लागते. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते कसं करतो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: नकाशावर दोरा

माझ्याकडे मुलीचा शाळेतला जुना ॲटलास आहे. त्यावर मी नागपूरपासून जायच्या गावापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरतो. मग ॲटलास असा फिरवतो, की नागपूर माझ्या पोटाकडे आणि जायचं गाव माझ्यापासून लांब, वरच्या बाजूला येईल. आता दोऱ्याच्या उजवीकडे जे दिसतं ते विमानाच्या उजवीकडे, डावीकडचं डावीकडे. फोनवरचा नकाशाही दोन बोटांनी असाच फिरतो, पण दोऱ्याने जे कळतं ते मला तरी बोटांनी कळत नाही.

हे फिरवणं विसरू नका. पहिल्यांदा करणारे जवळजवळ सगळे इथेच चुकतात. उत्तर वर ठेवून नकाशा पाहायची सवय असते, त्यामुळे मुंबईला जाताना "उजवीकडे" म्हणजे विदर्भ-मराठवाड्याची बाजू असं वाटत राहतं. प्रत्यक्षात मुंबईला जाताना तोंड पश्चिमेकडे, म्हणून उजवा हात उत्तरेला, खानदेशाकडे.

दोरा म्हणजे विमानाची खरी वाट नव्हे, हेही लक्षात असू द्या. हवाई मार्ग ठरलेले असतात, पाऊस-वादळ असेल तर वळसा पडतो, आणि कंट्रोल टॉवर वाट बदलायला सांगू शकतो. वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे सहज होतं. त्यामुळे अगदी दोऱ्याखाली येणाऱ्या गोष्टीसाठी बाजू ठरवू नका, ती विमानाच्या पोटाखालूनही जाऊ शकते. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गोष्टीचाही मोह नको, धुरकटात ती विरून जाते. पंधरा ते चाळीस किलोमीटरवर जे असेल ते धरा. दहा-साडेदहा किलोमीटर उंचीवरून तेवढं नीट दिसतं.

ए म्हणजे डावी, एफ म्हणजे उजवी

तीन-तीन सीटांच्या विमानात पायलटच्या दिशेला तोंड केलं की ए डाव्या खिडकीला, एफ उजव्या खिडकीला. बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेच्या कडेच्या. लहान एटीआर विमानात दोन-दोन सीटा असतात, तिथे अक्षरं कंपनीप्रमाणे बदलतात, पण पहिलं अक्षर डावीकडे आणि शेवटचं उजवीकडे हे कायम.

परतीला बाजू उलटते. जाताना एफने जे पाहिलं ते येताना ए वरून दिसेल. दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर जाता-येता एकच अक्षर घ्या. जाताना काही चुकलं असेल आणि तेच परत पाहायचं असेल तर अक्षर बदला.

कुठल्या वाटेला कुठली बाजू

नागपूरकरांची एक चैन आहे: आपण मध्यात आहोत. झिरो माइलचा दगड दाखवून पाहुण्यांना कंटाळा आणण्याइतके आपण मध्यात आहोत. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो आपल्या गावी परत. त्याच कारणाने आपल्याला चारी दिशांना चार वेगवेगळे देश पाहायला मिळतात: सातपुडा, दख्खनचं काळं पठार, गोदावरीचं खोरं, छत्तीसगड-ओडिशाचं जंगल.

पुण्यापासून सुरू करू, कारण तिथे शंकेला जागा नाही. नागपूर ते पुणे एफ घ्या. दोरा ताणून पाहा: लोणारचं सरोवर दोऱ्याच्या उत्तरेला, अंदाजे पंधरा किलोमीटरवर, बरोबर अर्ध्या वाटेवर येतं. टेक-ऑफनंतर तीस-पस्तीस मिनिटांनी कपाळ खिडकीला टेकवून बसा. शेतांच्या चौकटी-चौकटींमध्ये अचानक एक गोल येतो. आसपासचं काहीच गोल नसतं, म्हणून डोळा तिथे अडकतो. काठाला गर्द झाडीची कडा, मध्ये पाणी. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्टमध्ये पडलेला हा खड्डा जवळपास १.८ किलोमीटर रुंद आहे, पण वरून तिरका दिसत असल्याने तो लांबट वाटतो, वाटीपेक्षा ताटलीसारखा. हात लांब करून तीन बोटं जोडून समोर धरलीत तर साधारण तेवढा. तो मिनिटभर चांगला दिसतो, मग मागे मागे सरकत जातो. फोन तयार नसेल तर नुसतंच पाहा, शोधाशोधीत दोन्ही जातं.

लोणारनंतर पुण्याच्याच वाटेवर, उजवीकडेच, पैठणचा नाथसागर येतो. तो चुकणं कठीण. पावसाळ्यानंतर भरलेला असेल तर वाटतं समुद्रच आला. हिवाळ्यात सूर्य डाव्या बाजूला, म्हणजे एफवाल्यांच्या पाठीमागे, त्यामुळे उजवीकडची जमीन छान उजळलेली. दृश्य आणि ऊन दोन्ही एकाच बाजूला जुळणारी ही वाट आहे. परतीला अर्थातच ए.

नागपूर ते मुंबई मात्र डोकं खाते. इथे दोरा थोडा वरून जातो, त्यामुळे तेच लोणार आता डावीकडे येतं, तेही तीसेक किलोमीटर लांब. नाथसागरही डावीकडेच. समृद्धी महामार्गही सुरुवातीला डाव्या बाजूने सोबत करतो, कारंजा, मेहकर, जालना करत. छत्रपती संभाजीनगरनंतर तो दोऱ्याच्या पलीकडे, उजवीकडे जातो, कारण त्याला शिर्डी-इगतपुरीकडे वळायचं असतं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वरून खडूच्या रेघेसारखा दिसतो. ज्यांनी तो गाडीने केला आहे त्यांना तो वरून ओळखण्यात वेगळीच मजा येते.

म्हणजे मुंबईसाठी ए? थांबा. शेवटची वीस मिनिटं बाकी आहेत, आणि ती या वाटेवरची सगळ्यात भारी. विमान उतरायला लागलेलं असतं, उंची कमी झालेली असते, आणि पठार एकदम संपतं. दोरा साधारण माळशेज आणि हरिश्चंद्रगडाच्या अंगावरून जातो. उजवीकडे भंडारदऱ्याचं पाणी आणि कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. इतकी वर्षं भूगोलाच्या पुस्तकात "पश्चिम घाट म्हणजे पठाराचा तुटलेला काठ" असं वाचलं होतं. तो काठ एकदा वरून पाहिला की कळतं की पुस्तकवाल्याने उपमा दिलेली नव्हती. पठार खरोखर पावाच्या कडेसारखं मोडून खाली पडलेलं आहे.

माझा कौल: पहिल्यांदा जात असाल तर एफ. घाट पाहा. लोणार पुण्याच्या वाटेवर जवळून दिसतंच. आणि हो, तिकिटावर कोणती मुंबई आहे तेही पाहा, बीओएम (जुना मुंबई विमानतळ) की एनएमआय (नवी मुंबई). २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे; तिकडे उतरताना शेवटची वळणं वेगळी असतात.

दिल्लीला जाताना तोंड उत्तरेला, त्यामुळे निर्णय जवळजवळ घड्याळावर. सकाळी सूर्य उजवीकडे, म्हणून ए, दुपारनंतर एफ. पाहण्यासारखं दोन्हीकडे आहे. उडाल्यावर लवकरच पेंचचं जंगल आणि तोतलाडोहचं पाणी उजवीकडे, थोड्या वेळाने पचमढीचे डोंगर डावीकडे. वीस-पंचवीस मिनिटांत नर्मदा, ती विमान ओलांडतंच, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दिसते. साधारण तासाभराने, धोलपूरच्या आसपास, चंबळची खोरी. जमीन नखांनी ओरबाडल्यासारखी दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात तिथल्या प्रत्येक घळीला सावली पडलेली असते, आणि दुपारी तीच जागा सपाट, राखाडी. दिल्लीहून पुढे बागडोगऱ्याला, म्हणजे दार्जिलिंगच्या बाजूला जाणार असाल, तर त्या दुसऱ्या विमानात डोळे मिटून डावी बाजू घ्या. हिमालयाची रांग तिकडे, निरभ्र दिवशी कांचनगंगाही.

हैदराबाद किंवा बंगळूरला सकाळी निघत असाल तर उजवी बाजू: ऊन डावीकडे राहतं आणि अर्ध्या तासाच्या आत गोदावरीवरचा श्रीरामसागर उजवीकडे येतो. कोलकात्याला हिराकूडचा अफाट जलाशय दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे, पण हिवाळ्यात ऊनही तिकडूनच. पाणी उन्हात चकाकतं, तेही वाईट दिसत नाही.

सूर्याचं गणित, आणि एक बक्षीस

नियम साधा: सूर्य ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला बसा. सूर्याकडे पाहिलं की धुरकट पांढरं होतं, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि खाली काही कळत नाही. नागपूरहून ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाला असतो. पश्चिमेला जाताना ती डावी बाजू, पूर्वेला जाताना उजवी. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी आपल्या थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दुपारच्या विमानात बाजूचा प्रश्नच उरत नाही. पण तेव्हा खाली धुळीशिवाय फारसं दिसतही नाही.

ऋतूंचंही सांगून टाकतो. पाऊस गेल्यावरचा ऑक्टोबर सगळ्यात चांगला: हवा धुतलेली, तलाव भरलेले, शेतं हिरवी-पिवळी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं आणि धुरकट, दहानंतर बरं. एप्रिल-मेमध्ये पहाटेचं विमान मिळालं तरच पैसे खिडकीवर घाला, ऊन चढलं की विमान हलतंही फार. जुलै-ऑगस्टमध्ये खाली ढग.

पण ढगांना कमी लेखू नका. सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलात आणि खाली ढगांचा थर असला, तर ढगांवर विमानाची सावली शोधा. तिच्याभोवती रंगांचं गोल कडं दिसतं, कधी एक, कधी एकात एक दोन. हेच ते इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ते पाहायला ट्रेकर मंडळी धुक्यात तासन् तास उभी असतात, आणि १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते तिथेच दिसल्याची नोंद सांगतात. विमानात ते फुकटात दिसतं, आणि विदर्भातल्या जुलैत तर हमखास. मला एकदा उतरताना ढग अगदी जवळ आले तेव्हा दिसलं, सावली मोठी होत गेली, आणि कड्याचं केंद्र सावलीच्या नाकावरही नव्हतं, पंखावरही नव्हतं, शेपटीच्या थोडं पुढे होतं. मी २५ व्या रांगेत होतो. कडं नेहमी पाहणाऱ्याच्याच सावलीभोवती पडतं. म्हणजे ते तुमच्या सीटवर बोट ठेवून दाखवतं. शेजारच्या प्रवाशाला हे सांगितलं तर त्याने हेडफोन परत कानात घातले. असो.

पंख टाळा

बाजू ठरली की रांग. एअरबस ए-३२० हे आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारं विमान. सीट निवडताना जो नकाशा येतो त्यात आपत्कालीन दरवाजाच्या रांगा दाखवलेल्या असतात, बहुधा १२ आणि १३. तो पंखाचा मध्य समजा. त्यांच्या पुढच्या चार आणि मागच्या सहा-सात रांगा पंखाच्या किंवा इंजिनाच्या पोटात जातात. म्हणजे मोटामोटी ८ ते २० सोडा. ए-३२१ लांब असतं, तिथे हा पट्टा मागे सरकतो. दरवाजाच्या खुणा पाहूनच ठरवा.

उरल्या दोन जागा. पुढची, ३ ते ७, सर्वोत्तम: खालचं आणि पुढचं दोन्ही दिसतं, आवाज कमी. पण पैसे तिथेच जास्त लावतात. मागची, २२ पासून पुढे, स्वस्त. तिथून पाहताना इंजिनातून निघालेली गरम हवा कधीकधी मध्ये येते आणि खालचं दृश्य तव्यावरच्या हवेसारखं थरथरतं, पण ते तिरकं पुढे पाहिलं तरच. सरळ खाली पाहिलं तर स्वच्छ. अगदी शेवटची रांग नको. पाठ मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्याशी उभी राहते.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी एका प्रवासात मी पुढून दहाव्या-अकराव्या रांगेतली ए सीट पैसे देऊन घेतली. जाऊन पाहतो तर खिडकीच्या जागी पांढरी भिंत. पुढच्या माणसाची खिडकी माझ्या गुडघ्याशी, मागच्याची माझ्या कानामागे. बोइंग ७३७ मध्ये डाव्या बाजूला एके ठिकाणी वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, तिथे खिडकी नसते. विमानाच्या दृष्टीने ती सीट खिडकीचीच, म्हणून तक्रार करून काही मिळालं नाही. तेव्हापासून ७३७ असेल तर ९ ते १२ मधल्या ए कडे मी पाहत नाही.

लहान गावांना जाणारी एटीआर ७२ विमानं मात्र खिडकीप्रेमींचं माहेर. त्यांचा पंख वर, छताशी असतो, त्यामुळे खाली पाहायला जवळजवळ कुठूनही अडथळा नाही. उडतातही निम्म्या उंचीवर, पाच-सहा किलोमीटर, आणि वेग कमी. नदीकाठचा देऊळ-घाटही ओळखू येतो. इंजिनाच्या पंख्याच्या अगदी शेजारच्या रांगा आवाजामुळे टाळा. चढायचं दार मागे असतं, त्यामुळे मागची सीट घेतली तर उतरताना तुम्ही पहिले.

आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत पाय पसरायला जागा असते म्हणून ती लोक आवडीने घेतात. तिथून पंखच दिसतो, आणि लहान मुलं, गरोदर बाई किंवा दार उघडायला मदत करू न शकणारं कुणी सोबत असेल तर बसूही देत नाहीत.

सीट मिळवायची कशी

तिकीट काढतानाच पैसे भरून सीट घेणं हा खात्रीचा मार्ग. नाहीतर वेब चेक-इन उघडल्या उघडल्या बसा. बऱ्याच कंपन्यांचं ते ४८ तास आधी उघडतं. तेव्हा मागच्या काही खिडक्या स्वस्त दिसतात. "सीट नको" म्हणून पुढे गेलात तर यंत्र जी देईल ती, आणि यंत्राला मधली सीट फार आवडते. एवढं करून मधलीच मिळाली, तर शेजाऱ्याला उठवून जागा मागू नका. त्यानेही दोरा ताणलेला असू शकतो.

त्या दिवशी

सोबत चष्मा पुसायचं मऊ फडकं ठेवा. आतली काच खरं तर प्लास्टिकची असते, तिच्यावर आधीच्या माणसाच्या कपाळाचं तेल हमखास असतं. बाहेरून मळकी असेल तर इलाज नाही. खिडकीचे तीन थर असतात, मधल्या थराला तळाशी सुईएवढं भोक असतं. वर गेल्यावर त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमली तर घाबरू नका, ते तसंच असायला हवं. काचेवर आपलंच प्रतिबिंब पडतं, म्हणून पांढरा सदरा नको, गडद घाला. फोन काचेला जवळजवळ चिकटवा, पण टेकवू नका, थरथर फोटोत उतरते. पोलराइज्ड गॉगल घातला तर काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतील. तो काढा.

निघण्याआधी फोनवर त्या पट्ट्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. विमानात एअरप्लेन मोड चालू असला तरी जीपीएस चालतं. फोन खिडकीशी धरला की थोड्या वेळात निळा ठिपका उमटतो. मग खालच्या तलावाचं नाव विचारायला कुणी लागत नाही.

फोटोंच्या बाबतीत एक सांगणं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, आणि आपल्या नागपूरच्या सोनेगावलाही हवाई दलाचा तळ आहे. उडता-उतरताना जमिनीवरच्या विमानांचे, हँगरचे फोटो काढू नका. कर्मचाऱ्यांनी शटर लावायला सांगितलं तर वाद न घालता लावा.

नागपूरच वरून पाहायचं असेल तर

हे सगळ्यात शेवटी, कारण हे आधी ठरवता येत नाही. विमानतळ शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे आणि धावपट्टीला दोन नावं आहेत: १४ आणि ३२. म्हणजे १४० अंश, आग्नेयेकडे तोंड. आणि ३२० अंश, वायव्येकडे तोंड. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून विमान उडतं आणि उतरतं. वायव्येकडे तोंड असेल तर शहर उजवीकडे. उडताना अंबाझरीचं पाणी लगेच उजवीकडे येतं, पलीकडे फुटाळा, हवा स्वच्छ असेल तर दूर कोराडी वीजकेंद्राची धुराडी. आग्नेयेकडे तोंड असेल तर शहर डावीकडे. वायव्येला गेलेलं विमान जरा पुढे सरकलं की काटोलच्या बाजूच्या संत्र्याच्या बागा लागतात. आखून लावलेली झाडं, ओळीत ओळ, रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखी.

काकाजी आठ दिवसांनी परतले ते संध्याकाळच्या विमानाने. या वेळी सीट मी निवडून दिली होती, २३ ए. विमानतळावर घ्यायला गेलो तर गाडीत बसेपर्यंत गप्प. मीच विचारलं, "लोणार दिसलं का?"

"अंधारलं होतं न बाप्पा, कुठलं लोणार," ते म्हणाले. "पण उतरताना अंबाझरी पाह्यला. चहूकडून दिवे, न मधात काळं पाणी. पहिले वाटलं दिवेच गेले तिकडचे."